गोचीड-ताप, त्यावरील औषध, आणि पांढऱ्या पेशींचें ठरलेलें मरण

आमच्या आजोबांच्या पिढीस गुरांच्या रोगांत सर्वांत मोठें भय वाटे तें बुळकांडीचें. बुळकांडी गांवांत शिरली म्हणजे आठ-पंधरा दिवसांत दावण रिकामी होई, आणि पेरणीच्या तोंडावर औतास बैल मागावयास सोयऱ्याच्या दारीं जावें लागे. तो रोग आतां पृथ्वीवर कोठेंच उरलेला नाहीं. २०११ सालीं तसें जाहीर झालें. परंतु दावणीवरील गाय बदलली, तसा तिचा शत्रुहि बदलला. सध्यां निफाड, सिन्नर, दिंडोरी या बाजूस ज्याच्या गोठ्यांत संकरित गाय आहे, त्यास गोचीड-तापाची ओळख करून द्यावी लागत नाहीं. डॉक्टर त्यास थायलेरिओसिस म्हणतात. त्या रोगाविषयीं, व विशेषतः त्यावरील औषध जनावराच्या शरीरांत नेमकें काय करतें याविषयीं, चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यास एक कारण घडलें, तें प्रथम सांगतों.

गेल्या ज्येष्ठांत आमच्या शेजारच्या मळ्यांतील एका वृद्ध शेतकऱ्याची दुसऱ्या वेताची गाय तापली. त्यांस आम्ही नाना म्हणतों. डॉक्टरांनीं तपासून बुपारव्हाक्वोन नांवाच्या औषधाचें इंजेक्शन दिलें, व ताप पहात रहा, दोन दिवसांनीं बहुधा दुसरें द्यावें लागेल, असें सांगून ते गेले. दुसऱ्या दिवशीं ताप उतरेना. नानांचा नातू शिकलेला आहे. त्यानें मोबाइलवर कोठेंसें वाचलें कीं, या औषधानें पांढऱ्या पेशी मरण पावतात. वाक्य खोटें नव्हतें, पण अर्धें होतें. नाना सायंकाळीं आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, पांढऱ्या पेशी म्हणजे अंगांतली फौज. औषधानें फौजच मारायची, तर गाय वांचायची कशी?" आम्हीं सारा जन्म महसूल खात्यांत कारकुनी केलेली. फेरफाराची नोंद कशी धरावी हें आम्हांस सांगतां येईल. पेशींचें काय सांगणार? आम्ही गप्प बसलों. दुसरें इंजेक्शन दिलें गेलें नाहीं, व पांचव्या दिवशीं गाय गेली. तें दिलें असतें तर ती खात्रीनें वांचली असती असें आम्ही म्हणत नाहीं, कारण रोग पुष्कळ पुढें गेलेला होता. परंतु नानांच्या प्रश्नास उत्तर होतें, आणि तें आम्हांस ठाऊक नव्हतें, ही टोंचणी मनांत राहिली. पुढें डॉक्टरांकडे खेपा घालून, पुस्तकें मागून आणून, व न समजलें तें पुन्हा पुन्हा विचारून जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

थायलेरिया हा एकाच पेशीचा बनलेला परजीवी जंतु आहे. आपल्याकडे गाईंस जो ग्रासतो त्याचें पूर्ण नांव थायलेरिया अॅन्युलाटा. लॅटिन भाषेंत आंगठीस जो शब्द आहे त्यावरून हें नांव पडलें. कारण तांबड्या पेशींत शिरल्यावर तो सूक्ष्मदर्शकाखालीं बारीक आंगठीसारखा दिसतो. गाईकडून गाईकडे तो आपण होऊन जात नाहीं. हवेंतून नाहीं, गव्हाणींतून नाहीं, पाण्यांतून नाहीं. त्यास वाहन लागतें, आणि तें वाहन म्हणजे हायलोमा जातीचा गोचीड. लहान अवस्थेंत बाधित जनावराचें रक्त प्यालेला गोचीड कात टाकून मोठा होतो, व पुढच्या अवस्थेंत दुसऱ्या जनावरास चिकटला म्हणजे आपल्या लाळेबरोबर जंतु त्याच्या अंगांत सोडतो. गोचिडाच्या अंड्यांतून मात्र हा जंतु पुढल्या पिढींत उतरत नाहीं. येथें एक गोष्ट शेतकऱ्यानें ध्यानांत धरण्याजोगी आहे. गोचीड चिकटल्याबरोबर त्याच्या लाळेंतील जंतु तयार झालेले नसतात; रक्त पिण्यास आरंभ केल्यावर दोन-तीन दिवसांनीं ते पक्व होतात. सबब धार काढतांना कासेवरून, मांडीच्या आंतल्या बाजूनें व कानामागें रोज हात फिरवून गोचीड वेंचणारी घरची लक्ष्मी जें काम करते, त्याची किंमत कोणत्याहि इंजेक्शनाहून कमी नाहीं.

रक्तांतला जंतु म्हटला म्हणजे तो तांबड्या पेशींत राहत असेल असें आपणांस वाटतें. थायलेरिया तेथें जातो, पण मागाहून. त्याची पहिली धाड पांढऱ्या पेशींवर. त्यांतहि, जंतूंस गिळून पचविणाऱ्या मोठ्या पेशी व जंतूंविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करणाऱ्या पेशी, या दोहोंवर त्याचा विशेष डोळा. म्हणजे चोर जातो तो थेट फौजदाराच्या कचेरींत! सामान्यतः असा परका जंतु पेशींत शिरला म्हणजे त्याच्याभोंवतीं पेशीच्या पडद्याची एक पिशवी राहते, व त्या पिशवींत त्यास कोंडून मारण्याचा पेशी यत्न करते. थायलेरिया आंत शिरतांच ती पिशवी विरघळवून टाकतो व पेशीच्या रसांत उघडा, मोकळा राहतो. तेथें त्याचें एक अनेक-केंद्री शरीर वाढतें. सुजलेल्या गांठींत सुई घालून काढलेला थेंब कांचेवर पसरून रंगविला, तर पांढऱ्या पेशींच्या पोटांत निळसर ठिपक्यांचे पुंजके दिसतात ते हेच. क्षयाचा जंतु शोधून काढणारे जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांच्या नांवावरून त्यांस 'कॉखचे निळे पिंड' म्हणतात. हे कॉखसाहेब १८९७ सालीं हिंदुस्थानांत आले असतां हिमालयांतील मुक्तेश्वर येथील पशुरोगांच्या प्रयोगशाळेस भेट देऊन गेले होते. ती प्रयोगशाळा मूळची आपल्या पुण्याची; १८८९ सालीं ती पुण्यांत निघाली व १८९३ सालीं मुक्तेश्वरास हलविली गेली. तिचीच पुढें भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. शरीरांतील पेशींचें मरण दोन प्रकारचें असतें, हें आम्हांस या खटपटींत प्रथमच कळलें. एक अपघाती मरण. भाजलें, चेंगरलें, विष लागलें, म्हणजे पेशी फुटते, तिच्यांतील द्रव्य सभोंवार सांडतें, व ती जागा लाल होऊन सुजते. दुसरें मरण ठरलेलें. पेशीच्या आंतच तें लिहिलेलें असतें, आणि वेळ आली किंवा गरज सरली म्हणजे पेशी स्वतःच तें अमलांत आणते. ती आकसते, तिच्या केंद्रांतील सूत्रांचे तुकडे होतात, सर्व शरीराची लहान लहान गाठोडीं बांधलीं जातात, आणि शेजारच्या पेशी तीं गाठोडीं गिळून टाकतात. ना सूज, ना दाह, ना गाजावाजा.

द्राक्षबाग करणाऱ्या आमच्या बंधूंस ही गोष्ट समजावयास कठीण जाऊं नये. वेलीचें जुनें पान गळतें तें केवळ वाऱ्यानें तुटतें म्हणून नव्हे. वेल स्वतः त्या पानाच्या देठाच्या मुळाशीं एक पातळ थर तयार करते, पानांतील कामाचें सत्त्व माघारें ओढून घेते, आणि मग तो थर सुटून पान पडतें. १९७२ सालीं केर, वायली व करी या तिघां शास्त्रज्ञांनीं पेशींच्या या शिस्तीच्या मरणास नांव दिलें, तेंहि पानगळीस उद्देशून असलेल्या ग्रीक शब्दावरूनच: अपॉप्टोसिस. बेडकाच्या पिलाची शेपटी मोठेपणीं नाहींशी होते ती याच रीतीनें. सूतभर लांबीचाहि नव्हे असा एक कृमि आहे. त्याच्या शरीरांत वाढीच्या काळांत १०९० पेशी उत्पन्न होतात, आणि त्यांपैकीं बरोबर १३१ ठरल्या वेळीं मरून ९५९ शिल्लक राहतात. प्रत्येक कृमींत तोच हिशेब. जमाबंदीचा ताळा आमच्या हयातींत इतका चोख जुळल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. या कृमीच्या अभ्यासाबद्दल ब्रेनर, हॉर्व्हिट्झ व सल्स्टन या तिघांस २००२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

पांढऱ्या पेशींना तर हें मरण फारच आवश्यक. अंगांत रोगजंतु शिरला म्हणजे त्यांची भराभर वाढ होते, एकीच्या दोन व दोहोंच्या चार होतात. लढाई संपली म्हणजे ही जादा भरती मोडावयास हवी. नाहीं तर फौजच घरच्या कोठारावर बसून खाऊं लागेल. म्हणून त्यांतील बहुतेक पेशी काम होतांच ठरलेल्या मरणानें नाहींशा होतात. बाधित झालेल्या पेशीसहि हाच मार्ग मोकळा असतो. आपल्या पोटांत शत्रु बसला आहे असें कळल्यास तिनें स्वतःस संपवावें, म्हणजे शत्रूसहि आसरा उरत नाहीं.

थायलेरिया हें मरणच अडवून धरतो. कसें, तें सांगण्यास आम्हांस आमच्या कचेरींतलाच दाखला सुचतो. मरणाचा हुकूम प्रत्येक पेशीच्या दप्तरीं निघून ठेवलेलाच आहे; त्याच्या अंमलबजावणीस तात्पुरती तहकुबी देण्याची व्यवस्थाहि त्याच दप्तरांत आहे. लढाई चालू असतां पेशीस थोडा काळ जगूं देणें जरूर असतें, तेव्हां ती तहकुबी लागूं होते व काम सरतांच उठते. पेशींतील ज्या द्रव्याच्या हातीं ही तहकुबी असते त्यास शास्त्रज्ञ एन-एफ-कप्पा-बी असें म्हणतात. थायलेरियाचा जंतु काय करतो, तर त्या द्रव्यास जागें करणारे पेशीचेच कामगार आपल्या अंगावर गोळा करून ठेवतो, व त्यांच्याकडून एकसारखा तहकुबीवर शिक्का मारवीत राहतो. ही युक्ति २००२ च्या सुमारास उघडकीस आली. मरणाचा हुकूम रद्द झालेला नसतो, फाडलेला नसतो; केवळ रोजच्या रोज पुढें ढकललेला असतो. आम्हांस आमच्या सेवानिवृत्तीचा कागद आठवला. तो अठ्ठावन्नाव्या वर्षीं बिनतक्रार वेळेवर आला, एवढाच काय तो फरक.

तहकुबीखेरीज त्याची दुसरीहि कारवाई आहे. तो पेशीस सतत दुभंगावयास लावतो. पेशी दुभंगतांना आंतील सूत्रांची वांटणी करण्यासाठीं जे बारीक तंतु ताणले जातात, त्यांसच हा जंतु चिकटून बसतो, व पेशीबरोबर आपलेहि दोन भाग करून घेतो. त्यामुळें दोन्ही लेकी-पेशी जन्मतःच बाधित. वारसाहक्क लावण्याची याहून पक्की रीत कोणत्याहि तलाठ्यास साधली नसेल. अशा पेशी गाईच्या अंगाबाहेर काढून कांचेच्या भांड्यांत योग्य रसावर ठेवल्या, तर त्या महिनोगणती, वर्षोगणती वाढत राहतात. त्यांस म्हातारपण येत नाहीं. कर्करोगाच्या पेशींचें लक्षण हेंच. भेद एवढाच कीं, कर्करोगांत पेशीचें मूळ दप्तर बिघडलेलें असतें, आणि येथें दप्तर शाबूत असून एक परका त्यावर बसलेला असतो.

गाईच्या अंगावर हें सर्व काय रूपानें दिसतें? गोचीड चावल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप चढतो, तो १०४ पासून १०७ अंशांपर्यंत. कानाखालील, खांद्यापुढील व मांडीपुढील गांठी फुगतात. खांद्यापुढील गांठ कधीं कधीं मोठ्या लिंबाएवढी हातास लागते. ज्या पेशींनीं मरावयास हवें होतें त्या न मरतां वाढत राहिल्याचें हें उघड चिन्ह आहे. मग गाय चारा सोडते, दूध आटतें, डोळ्यांतून व नाकांतून पाणी येतें, धाप लागते. पुढें जंतु पांढऱ्या पेशींतून निघून तांबड्या पेशींत शिरले म्हणजे पापण्यांच्या आंतील लाली जाऊन त्या पांढुरक्या, क्वचित् पिवळट दिसूं लागतात. तीन वर्षांपूर्वीं आमची चंद्री तापली तेव्हां आम्हीं चार दिवस तिला उन्हाचा बाधा समजून घरगुती उपचारांत घालविले. खांद्यापुढें हात लावून पाहण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. ती वांचली, परंतु त्या वेताचें दूध गेलें तें गेलेंच. तेव्हांपासून तापलेल्या जनावराच्या खांद्यापुढें प्रथम हात फिरवावयाचा, असा आमच्या घरीं नियम आहे.

आतां औषध. बुपारव्हाक्वोन हें इंग्लंडांतील वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९८० नंतरच्या दशकांत तयार झालें. तत्पूर्वीं या रोगावर खात्रीचें असें औषध जवळ जवळ नव्हतेंच. बहुतेक जिवंत पेशींत श्वसनाच्या भट्ट्या असतात. जंतूच्या पेशींतहि एक भट्टी असते. त्या भट्टींत एका टप्प्यावर ज्या द्रव्याचें काम चालतें, त्याच्यासारखाच बुपारव्हाक्वोनचा आकार आहे. तें त्या जागीं जाऊन अडकतें व जंतूची भट्टी बंद पाडतें. गाईच्या पेशींतील भट्टीची घडण थोडी निराळी असल्यामुळें नेमून दिलेल्या मात्रेंत तिला तो त्रास होत नाहीं. शिवाय या औषधाची दुसरीहि एक पकड २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. जंतु आपल्या शरीरांतून एक प्रथिन पेशींत सोडतो, व त्याच्या बळावर पेशीस वाढीची चेतना देणारीं द्रव्यें नाश पावत नाहींत. पॅरिस येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, बुपारव्हाक्वोन त्या प्रथिनासहि निकामी करतें.

जंतु मेला, कीं पुढची गोष्ट आपोआप घडते, आणि नानांच्या प्रश्नाचें उत्तर तेथेंच आहे. औषध पांढऱ्या पेशीस मारीत नाहीं. तें तहकुबीवर शिक्का मारणाऱ्यास मारतें. शिक्का पडावयाचा थांबला म्हणजे तहकुबी उठते, पेशीचें दुभंगणें थांबतें, आणि तिच्या दप्तरीं पडून राहिलेला जुना हुकूम अमलांत येतो. प्रथिनें कापणाऱ्या कात्र्या, ज्यांस कॅस्पेज म्हणतात, त्या चालूं लागतात, व पेशी शिस्तीनें आपलीं गाठोडीं बांधून जाते. कांचेच्या भांड्यांतील त्या अमर पेशींवर हेंच औषध घातलें असतां वाढ बंद पडते व त्या ठरलेल्या मरणानें मरूं लागतात; निरोगी पांढऱ्या पेशी मात्र त्याच औषधांत जगतात. तात्पर्य, मरते ती फौज नव्हे. शत्रूनें फितवून आपल्या कामास लावलेली तुकडी मरते, आणि ती मरणें हाच गाय बरी होण्याचा मार्ग आहे. नानांच्या नातवानें वाचलें त्यांत "बाधित" हा एक शब्द गळला होता.

यावरून ताप एका रात्रींत कां उतरत नाहीं हेंहि समजतें. इंजेक्शनानंतर आधीं जंतु मरावयाचा, मग पेशी मरावयाच्या, मग त्यांची गाठोडीं निरोगी पेशींनीं उचलावयाचीं, आणि मग गांठ बसावयाची. यास दिवस लागतात. तेवढ्या अवधींत ताप राहिला किंवा गांठ हातास लागली, तर औषध फुकट गेलें असें समजूं नये. डॉक्टरांस कळवावें व दुसऱ्या मात्रेचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा. परंतु उशीर झाला असेल तर गोष्ट निराळी. मोडलेल्या तांबड्या पेशी औषधानें परत येत नाहींत. फुप्फुसांत पाणी भरलें असल्यास तें औषधानें लगेच निघत नाहीं. पांढऱ्या पेशींतील जंतु सर्व मेले तरी रक्त गेलेली गाय मरूं शकते. अशा गाईस कधीं दुसऱ्या जनावराचें रक्तहि चढवावें लागतें. म्हणून पहिले दोन-तीन दिवस हेच खरे कमाईचे दिवस.

मात्रेविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे, कारण चूक बहुधा येथेंच होते. जनावराच्या वजनाच्या दर किलोस अडीच मिलिग्रॅम, असें या औषधाचें प्रमाण आहे. बाजारांतील नेहमींच्या औषधांत तें दर वीस किलोस एक मिलिलिटर असें बसतें. वजनकांटा आपल्या गोठ्यांत नसतो, पण फीत असते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजावा. खांद्याच्या टोंकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचांत मोजावी. घेरास घेरानें गुणावें, आलेल्या आंकड्यास लांबीनें गुणावें, व ६६० नें भागावें. किलोंत वजन येतें. उदाहरणार्थ, घेर ६६ व लांबी ५८ इंच असल्यास वजन सुमारें ३८३ किलो भरतें, व औषध सुमारें एकोणीस मिलिलिटर लागतें. अशा गाईस "सध्यां दहा देऊन पाहूं, महाग पडतें" असें म्हणून अर्धी मात्रा दिलेली आम्हीं पाहिली आहे. औषध महाग आहे हें खरेंच, परंतु अर्ध्या मात्रेनें अर्धा जंतु मरतो व गाय अर्धी बरी होते असा हिशेब नाहीं. कमकुवत तेवढे मरतात, आणि चिवट असतात ते तहकुबीचा शिक्का पुन्हा हातीं घेतात. ट्युनिशिया, इराण, सुदान या देशांत ज्यांची भट्टी बदलली आहे व ज्यांवर बुपारव्हाक्वोन चालत नाहीं असे थायलेरिया आढळून आलेले आहेत. तसे आपल्याकडे माजले तर हातीं तोडीचें दुसरें औषध नाहीं. मात्रा ठरविणें व टोंचणें हें डॉक्टरांचेंच काम. फीत लावून वजन काढून ठेवणें हें आपलें. दूध किती वेळ विकूं नये हें बाटलीबरोबरच्या कागदावर छापलेलें असतें, तें वाचून पाळावें.

आणखी एक घोटाळा. गोचीड मारण्याचें इंजेक्शन निराळें व गोचीड-तापाचें निराळें. आयव्हरमेक्टिन दिलें म्हणून पांढऱ्या पेशींत बसलेला थायलेरिया मरत नाहीं, आणि बुपारव्हाक्वोन दिलें म्हणून अंगावरचा गोचीड गळत नाहीं. दोन्ही परजीवींवरचीं औषधें खरीं, परंतु एक चोराच्या घोड्यावर चालतें व दुसरें चोरावर.

हा रोग आपल्याकडे इतका कां वाढला, याचें उत्तर संकरित गाईंत आहे. १९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं पुण्याजवळ उरुळी कांचन येथें बायफ संस्था स्थापिली, आणि होल्स्टीन व जर्सी वळूंच्या वीर्यानें संकर करण्याचें काम महाराष्ट्रांत खेड्यापाड्यांतून पसरलें. त्या गाईंनीं आमच्यासारख्या कित्येकांच्या घरांत आठवड्याचा रोख पैसा आणला. त्यांस नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु ज्या मुलखांतून त्यांचें रक्त आलें तेथें हा गोचीड नव्हता, आणि या जंतूशीं पिढ्यानपिढ्या झगडण्याचा त्यांच्या वंशास प्रसंग आला नव्हता. स्कॉटलंडांतील शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत सहिवाल व होल्स्टीन वासरांस सारखीच बाधा दिली असतां सहिवाल वासरांचा आजार सौम्य राहिला. जंतु त्यांच्याहि पेशींत शिरतो, पण त्यांच्या शरीराचा प्रतिसाद कमी भडकतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांत पावसांत उभ्या राहणाऱ्या डांगी गाई ज्यांच्याकडे आहेत, त्यांनीं शेजारीं संकरित गाय बांधतांना एवढें लक्षांत ठेवावें कीं, देशी जनावर निरोगी दिसत असूनहि त्याच्या रक्तांत थोडे जंतु असूं शकतात. इतकेंच नव्हे, औषधानें बरी झालेली संकरित गायहि पुढें बराच काळ अशीच वाहक राहूं शकते. ती स्वतः सुखरूप असते. तिच्या अंगावरचा गोचीड मात्र शेजारणीस धोक्याचा.

हायलोमा गोचीड सर्व काळ गाईच्या अंगावर राहत नाहीं. पोट भरलें कीं गळून पडतो, भिंतीच्या भेगांत, दगडी पायाच्या सांध्यांत, गव्हाणीच्या मागें, शेणाच्या ढिगाकडेला दडतो. तेथेंच कात टाकतो, तेथेंच मादी हजारों अंडीं घालते. म्हणून केवळ गाईस औषध लावून भागत नाहीं. भेगा सिमेंटानें किंवा चिखल-चुन्यानें बुजवाव्या, गोठ्याची जमीन व भिंतीचा खालचा भाग डॉक्टरांनीं सांगितलेल्या गोचीडनाशकानें फवारावा, व पंधरा-वीस दिवसांनीं पुन्हा फवारावा. कारण पहिल्या वेळीं अंड्यांत होते ते तोंवर बाहेर येतात. द्राक्षाचें औषध उरलें म्हणून तेंच गाईवर फवारण्याचा मोह कांहीं जणांस होतो. तो प्राणघातक आहे. वेंचलेले गोचीड गोठ्याबाहेर फेंकूं नयेत. रॉकेलच्या किंवा साबणपाण्याच्या डब्यांत टाकावे. विकत आणलेलें जनावर थोडे दिवस वेगळें बांधून, गोचीड काढून, ताप पाहून मग दावणीस घ्यावें. आपण नेमकें उलट करतों: बाजारांतून रात्रीं गाय येते, आणि पूजा होऊन लगेच इतरांच्या मध्यें उभी राहते.

राहतां राहिली लस. ती या जंतूच्या कारस्थानावरच आधारलेली आहे, म्हणून आम्हांस विशेष गंमत वाटली. ज्या बाधित पेशी कांचेच्या भांड्यांत न मरतां वाढत राहतात असें वर सांगितलें, त्याच पेशी दीर्घकाळ वाढवीत नेल्या असतां आंतील जंतूची रोग करण्याची शक्ति क्षीण होते. अशा क्षीण जंतूसह त्या पेशीच लस म्हणून टोंचतात. वासराचें शरीर त्या परक्या पेशी नाकारतें, जंतु थोडा त्याच्या पेशींत जातो, सौम्य बाधा होते, व पुढील खऱ्या हल्ल्याची ओळख पटून राहते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें हैदराबादेस काढलेल्या इंडियन इम्यूनॉलॉजिकल्स या कंपनीची 'रक्षावॅक-टी' ही लस या प्रकारची आहे. ती संकरित व विलायती जनावरांसाठीं असून, दोन महिन्यांवरील वासरांस देतां येते. पेशी जिवंत ठेवावयाच्या असल्यामुळें ती साध्या बर्फांत चालत नाहीं. द्रव नत्राच्या पात्रांतच न्यावी लागते, व बाहेर काढल्यावर लगेच टोंचावी लागते. एका वासरासाठीं तें पात्र घेऊन मळ्यावर या, असें डॉक्टरांस म्हणणें बरोबर नाहीं. पांच-सात जणांनीं वासरांच्या जन्मतारखा लिहून एकत्र मागणी केली, तर दिवस ठरवितां येतो. आमच्या वस्तीवरील अकरा वासरांची अशी यादी आम्हीं केली आहे. त्यांत नानांच्या मेलेल्या गाईची कालवडहि आहे. नांव त्यांनीं स्वतः येऊन लिहविलें.